जादूगोड्याच्या हातपंपांवर आकडा लिहा

मा. केंद्रीय जलशक्ती मंत्री,
नवी दिल्ली

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

मी जमशेदपूरला राहते. इथून जादूगोडा, युरेनियमच्या खाणीचं गाव, तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या एका टोल्यात, म्हणजे वस्तीत, चापाकलाखाली, म्हणजे हातपंपाखाली, हंडा लावून उभ्या असलेल्या संथाळ बाईने मला तांब्याभर पाणी दिलं. नितळ, गार. पाण्यात फ्लोराइड असेल तर मुलांच्या दातांवर दिसतं, लोह असेल तर हंड्याला तांबूस थर चढतो. युरेनियम आणि रेडियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं कसलीच खूण ठेवत नाहीत. मी ते पाणी प्यायले. ती तर रोजच पिते.

जादूगोड्यात १९६७ पासून युरेनियम काढतात. हजार किलो खडकातून जेमतेम अर्धा-पाऊण किलो मिळतं. बाकीच्या दळलेल्या खडकातला बारीक गाळ तलावात सोडतात. मूळ खडकातला साधारण ८५ टक्के किरणोत्सार या उरलेल्या चुऱ्यातच राहतो. त्यातलं रेडियम निम्म्यावर यायला १,६०० वर्षं लागतात. डिसेंबर २००६ मध्ये गाळ वाहून नेणारा पाइप फुटला आणि गाळ थेट ओढ्यात गेला.

खाण बंद करा, असं मी म्हणत नाही. पाणी मर्यादेत आहे असं सरकारी शास्त्रज्ञ सांगतात, गावकऱ्यांना ते पटत नाही. पण तुमच्या चापाकलात युरेनियम किती, हे त्या बाईला कुणी सांगितलेलंच नाही. जलजीवन मिशनच्या पाणी तपासायच्या किटमध्ये फ्लोराइड, नायट्रेट, लोह कळतं, युरेनियम कळत नाही. भारतीय मानक ब्युरोची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, ते मोजायला प्रयोगशाळाच लागते. आणि ‘पाणी उकळून प्या’ हा आपला नेहमीचा सल्ला इथे कामाचा नाही. वाफ उडून जाते, युरेनियम भांड्यातच राहतं.

म्हणून मागणी एवढीच. गाळतलावांभोवतीच्या प्रत्येक चापाकलाचं आणि विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी व नंतर तपासा, युरेनियम आणि रेडियम दोन्हींसाठी. प्रयोगशाळा खाणीशी संबंध नसलेली असावी. आकडा तारखेसह तिथेच रंगवा, हिंदीत आणि संथालीत. बांगलादेशात आर्सेनिकवाल्या नलिकाविहिरींना लाल रंग दिला आणि चांगल्यांना हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो, म्हणून इथेही आकड्यासोबत तसाच रंग द्या. जिथे लाल लागेल, त्या टोल्याला दुसरीकडून नळाचं पाणी त्याच उन्हाळ्यात मिळायला हवं.

सुरुवात शाळांपासून करा. मध्यान्ह भोजन झालं की मुलं चापाकलालाच ओंजळ लावतात.

आपली,
जमशेदपूरची एक मराठी रहिवासी