‘वायू आढळला नाही’ एवढे पुरेसे नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रासायनिक गळतीच्या किंवा टाकीत, भूमिगत गटारात गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्यांत ‘मदतपथकाने यंत्राद्वारे तपासणी केली असता हवेत धोकादायक वायू आढळला नाही’ अशा अर्थाचे एक वाक्य पुष्कळदा असते. ते वाचले की मी दर वेळी अस्वस्थ होतो. जवानांच्या छातीवर अडकवलेले हे छोटे गॅस डिटेक्टर मी अनेक वर्षे हाताळले आणि नव्या भरतीच्या जवानांना शिकवले. त्या अनुभवावरून हे वाक्य किती अपुरे असते, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पथकांकडे सर्वसाधारणपणे आढळणारे यंत्र चार सेन्सरांचे असते. ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एवढेच ते मोजते. ही निवड विचारपूर्वक झालेली आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास असतो खरा, परंतु त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास पोहोचले की नाकाची संवेदनाच बधिर होते, आणि वास थांबला म्हणून वायू गेला असे समजणारा माणूस नेमका त्याच वेळी सर्वांत मोठ्या संकटात असतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने हीच १०० पीपीएमची पातळी जिवाला तत्काळ धोकादायक ठरवली आहे. डिटेक्टरचा पहिला इशारा बहुधा १० पीपीएमच्या सुमारास मिळतो. कर्कश आवाज, लुकलुकणारा दिवा आणि शरीराला जाणवणारी थरथर हे तिन्ही एकदम सुरू होतात, कारण पंपाच्या गोंगाटात आवाज आणि धुरात दिवा हरवू शकतो.

मात्र चार वायू मोजणारे यंत्र पाचव्याबद्दल काहीच सांगत नाही. क्लोरीनचे प्रमाण १० पीपीएमवर गेले तरी ते जिवावर बेतू शकते, अमोनियाच्या बाबतीत ही पातळी ३०० पीपीएम आहे, आणि या दोघांसाठी स्वतंत्र सेन्सर बसवावे लागतात. ते नसलेले यंत्र घेऊन क्लोरीनच्या गळतीत शिरलेल्या जवानाला पडद्यावर शून्य दिसले, तर त्या शून्यात क्लोरीनचा हिशेबच नसतो.

ज्वालाग्राही वायूच्या आकड्याबद्दल तर जाणत्यांचाही गोंधळ होतो. पडद्यावर १० टक्के दिसले म्हणजे हवेत १० टक्के वायू आहे असे नाही. वायू पेट घेण्यासाठी हवेत त्याचे किमान जेवढे प्रमाण लागते, त्या प्रमाणाचा तो दहावा हिस्सा असतो. मिथेनसाठी ते किमान प्रमाण ५ टक्के धरले, तर १० हा आकडा ५,००० पीपीएम इतका होतो. टोल्युइन या द्रावकासाठी ते सुमारे १.१ टक्का आहे, म्हणून तिथे १० हा आकडा ढोबळमानाने १,१०० पीपीएम दर्शवतो, आणि टोल्युइनची जिवाला तत्काळ धोकादायक पातळी आहे ५०० पीपीएम. स्फोटाचा अलार्म वाजण्याच्या कितीतरी आधी माणूस विषारी वाफेत उभा असतो. शिवाय हा सेन्सर बहुतेक वेळा मिथेनवर जुळवलेला असल्यामुळे जड वाफा तो प्रत्यक्षापेक्षा कमीच दाखवतो. अशा वाफांसाठी अतिनील दिव्यावर चालणारे वेगळे यंत्र असते. त्यामुळे काहीतरी आहे एवढे कळते, कोणता पदार्थ आहे ते कळत नाही, आणि मिथेन तर त्याला दिसतच नाही.

जवानांना मी सर्वांत जास्त वेळ ज्या एका आकड्यावर खिळवून ठेवत असे, तो ऑक्सिजनचा. स्वच्छ हवेत तो २०.९ टक्के असतो आणि १९.५ ला अलार्म वाजतो. पण समजा यंत्र १९.९ दाखवत आहे. अलार्म शांत आहे, घट केवळ एक टक्क्याची आहे, आणि पुढे जायला हरकत नाही असे वाटते. आता हिशेब करून पाहा. ऑक्सिजन हा हवेचा साधारण पाचवा हिस्सा असल्यामुळे, बाहेरच्या एखाद्या वायूने तो एक टक्क्याने कमी केला असेल, तर त्या वायूने एकूण हवेपैकी जवळपास पाच टक्के जागा व्यापलेली असते. पाच टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम. तो वायू नायट्रोजन असेल तर माणूस निभावेल. दुसरा कोणता विषारी वायू असेल, तर अलार्म न वाजताही तिथे पाऊल टाकणे प्राणघातक ठरेल. म्हणूनच अलार्म केव्हा वाजतो याच्याइतकेच आकडा कुठून कुठे सरकला याकडे लक्ष द्यावे लागते. ज्वालाग्राही वायूचा नेहमीच्या पद्धतीचा सेन्सर तो वायू जाळून मोजत असल्याने त्यालाही पुरेसा ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या टाकीत त्याने दाखवलेला कमी आकडा विश्वासाचा नसतो. त्यामुळे ऑक्सिजन सर्वांत आधी वाचायचा, हा क्रम ठरलेला आहे.

मोजमाप कुठे झाले हेही महत्त्वाचे असते. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड आहे, तर मिथेन हवेहून हलका. झाकणाशी यंत्र धरून खोल टाकी सुरक्षित ठरवता येत नाही. वर, मध्ये आणि तळाशी, आणि नळीतून हवा सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ देऊनच वाचन घ्यावे लागते.

आता मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट. एका प्रशिक्षण सत्रात आलेल्या एका पथकाच्या यंत्राला मी चाचणीचा वायू दिला, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा जागचा हललाच नाही. सेन्सर निकामी झाला होता, आणि तेच यंत्र कित्येक महिने गाडीवर होते. कार्बन मोनॉक्साइडचा मेलेला सेन्सर पडद्यावर शून्य दाखवतो, आणि स्वच्छ हवेतही शून्यच दिसते. नुसते पाहून फरक कळत नाही. सेन्सर काही वर्षांत संपतात, आणि पॉलिश किंवा वंगणाच्या फवाऱ्यातील सिलिकोनची वाफही ज्वालाग्राही वायूचा सेन्सर निकामी करू शकते. म्हणून वापराच्या प्रत्येक दिवशी, कामाला निघण्याआधी, ठाऊक असलेल्या प्रमाणातला वायू देऊन यंत्र प्रतिसाद देते का हे पाहायचे असते. याला बंप टेस्ट म्हणतात आणि ती काही मिनिटांत होते. यंत्र सुरू करून शून्यावर आणण्याचे कामही स्वच्छ हवेतच करावे लागते, कारण दूषित हवेत शून्य केलेले यंत्र तो दोषच शून्य धरून पुढचे सगळे वाचन करते.

बंदिस्त जागेतील मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला गेलेली असतात, असे नायॉशने १९८६ मध्येच नोंदवले होते. त्या माणसांच्या आणि यंत्राच्या शून्यावर विसंबून आत जाणाऱ्या जवानांच्या वतीने मी आपल्याला विनंती करतो की, अशा घटनांच्या बातम्यांत आपल्या वार्ताहरांनी तीन गोष्टी विचारून छापाव्यात: कोणकोणते वायू मोजले, किती उंचीवर मोजले, आणि त्या दिवशी बंप टेस्ट झाली होती का. माहिती उपलब्ध नाही असे उत्तर मिळाले, तर तेही छापावे. आजची बहुतेक यंत्रे प्रत्येक वाचन आणि चाचणीची तारीख आपल्या स्मृतीत साठवून ठेवतात. त्यामुळे ही नोंद अधिकाऱ्यांकडे मागता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अग्निशमन प्रशिक्षक