दोष देवनागरीचा नव्हे, मोजणीचा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रोग्रॅममध्ये मराठी अथवा हिंदी मजकूर घातला की एडिटर (प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर) बिघडतो, तेव्हा सगळे इंग्रजीतच लिहा, असा सल्ला विद्यार्थ्यांना दिला जाताना मी इंदुरात वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. मी स्वतः प्रोग्रॅमिंग शिकवते आणि हा सल्ला मला मान्य नाही. त्यामुळे खरा दोष जागेवरच राहतो आणि त्याचे खापर मुलांच्या लिपीवर फुटते.

अनुभव बहुधा असा असतो. एखाद्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी एडिटरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला ती भाषा समजण्यासाठी दिलेली जोडणी, बसवलेले असते. ज्या ओळीत आधी मराठी मजकूर आणि त्यापुढे चूक आहे, तिथे चुकीखालची लाल रेघ काही घरे (अक्षरांच्या जागा) उजवीकडे सरकते. मात्र वरच्या आणि खालच्या निव्वळ इंग्रजी ओळींत ती अगदी बरोबर जागी असते. हाच या दोषाचा पहिला पुरावा आहे आणि तो हातचा घालवू नये, असे मी मुलांना आवर्जून सांगते.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर २०१५ साली आला. त्यात एखाद्या भाषेचे व्याकरण जाणण्याचे काम पुष्कळदा एडिटर स्वतः करत नाही. ते ‘लँग्वेज सर्व्हर’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो. या दोघांनी परस्परांशी कसे बोलावे याचे नियम मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुले केले, त्यामुळे प्रत्येक एडिटरसाठी तेच काम पुन्हा करण्याची गरज उरली नाही. या संवादात चुकीची जागा ओळीचा क्रमांक आणि ओळीतले स्थान अशा दोन आकड्यांनी सांगितली जाते. ओळीतले स्थान, वेगळे ठरले नसल्यास, यूटीएफ-१६ या, मजकूर संगणकात साठवण्याच्या एका पद्धतीच्या एककांत मोजायचे असते. रस्ट किंवा गो या भाषांत लिहिलेल्या सर्व्हरमध्ये मजकूर सहसा यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीने साठवलेला असतो आणि घाईत स्थान तिच्या एककांत, म्हणजे बाइटमध्येच, मोजले जाते.

आपल्या शहराचेच नाव घेऊ. ‘इंदूर’ हे डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते. संगणकाच्या दृष्टीने त्यात इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार आणि र अशी पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-१६ मध्ये त्यांची पाच एकके होतात, यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. म्हणजे या एका शब्दानंतर येणारी प्रत्येक खूण दहा घरे पुढे सरकते. हिंदीतल्या ‘इंदौर’चा हिशेबही हाच. इंग्रजी अक्षराला दोन्ही पद्धतींत एकच एकक लागते, म्हणून केवळ इंग्रजी मजकुरावर चाचण्या घेणाऱ्या लेखकाला हा दोष कधीच दिसत नाही.

उलट दिशेने परिणाम अधिक वाईट होतो. एडिटरने पाठवलेले स्थान सर्व्हरने बाइट समजून वापरले, तर मजकूर तीन बाइटच्या एखाद्या चिन्हाच्या मधोमध तोडण्याचा प्रयत्न होतो आणि रस्टमधला प्रोग्रॅम तिथेच थांबतो. एडिटर त्याला पुन्हा सुरू करतो, पण तीन मिनिटांत पाच वेळा तो कोसळला तर प्रयत्न सोडून देतो. मग सूचना येत नाहीत, चुका दाखवल्या जात नाहीत आणि मराठीमुळे सगळे बंद पडले असा समज पक्का होतो.

हा दोष शोधणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. एडिटरमध्ये एक्स्टेन्शन निम्मी-निम्मी बंद करत दोषी एक्स्टेन्शन ओळखण्याची सोय आहे; आधी ती वापरावी. मग त्या एक्स्टेन्शनचा कोड उघडून एफ-५ दाबले की चाचणीसाठी एडिटरची दुसरी खिडकी उघडते. इथे मुले हमखास अडतात. ती सर्व्हरच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा तिथली खूण) लावतात आणि तो लागत नाही, कारण एडिटरची खिडकी, एक्स्टेन्शन चालवणारी प्रक्रिया आणि सर्व्हर या तीन वेगळ्या प्रक्रिया आहेत आणि डिबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून तपासण्याचे साधन, त्यांतल्या एकीलाच जोडलेला असतो. सर्व्हरला तो स्वतंत्रपणे जोडावा लागतो. त्याहीआधी सर्व्हर आणि एडिटर यांच्यातल्या संदेशांची सविस्तर नोंद चालू करून ती वाचावी, असे माझे मत आहे. एका ओळीची फाईल करावी, ‘इंदूर’च्या जागी पाच इंग्रजी अक्षरे घालावीत आणि नोंदीतले आकडे ताडून पाहावेत. फरक नेमका दहाचा आला की तर्काला जागा उरत नाही.

याच जातीचा आणखी एक दोष नावांच्या बाबतीत आढळतो. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ या भाषेपासून ‘किंमत’ हे व्हेरिएबलचे (मूल्य साठवण्याच्या जागेचे) नाव म्हणून चालते. मात्र एखाद्या एक्स्टेन्शनने शब्द ओळखण्याच्या नियमात फक्त ‘अक्षर’ हा युनिकोडचा (सर्व लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा) वर्ग घेतला, तर वेलांटी आणि अनुस्वार बाहेर राहतात, कारण युनिकोडने त्यांना ‘मार्क’ या निराळ्या वर्गात ठेवले आहे. कर्सर नावाच्या शेवटी ठेवला तरी एक्स्टेन्शनच्या हाती ‘मत’ एवढाच तुकडा लागतो. नियमात तो दुसरा वर्ग घातला की काम होते.

स्थानाच्या दोषाचा उपायही फार मोठा नाही. संदेश आत येतात आणि बाहेर जातात त्या एकाच जागी मोजणीचे रूपांतर करावे लागते. शिवाय संवादाच्या त्या नियमांच्या २०२२ च्या आवृत्तीपासून, दोन्ही बाजूंची सोय असल्यास, यूटीएफ-८ मध्ये मोजण्याचे आपसांत ठरवता येते. हे मूळ लेखकांपर्यंत पोचवायला हवे. आवृत्तीचा क्रमांक, ती एक ओळ, अपेक्षित स्थान, मिळालेले स्थान आणि संदेशांची नोंद एवढे व्यवस्थित लिहून पाठवले, तर दुरुस्तीचे निम्मे काम झालेले असते. असा अहवाल लिहिणे हे मला ठरावीक प्रोग्रॅम वहीत उतरवण्यापेक्षा कितीतरी मोलाचे शिक्षण वाटते, आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांत त्याची गणना व्हावी, अशी माझी शहरातल्या संगणक विभागांच्या प्रमुखांना कळकळीची विनंती आहे.

सुपर कॉरिडॉरवर आणि शहरात इतरत्र सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही एक सांगावेसे वाटते. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारी अनेक कुटुंबे असलेल्या या शहरात दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने, आपल्या चाचण्यांत देवनागरीची एक ओळ घालणे कोणालाही अवघड नाही. त्या ओळीत जोडाक्षर असावे, अनुस्वार असावा आणि चुकीच्या आधी एखादे इमोजीही असावे; कारण जो सर्व्हर बाइटऐवजी चिन्हे मोजतो तो देवनागरीत बरोबर ठरतो आणि यूटीएफ-१६ मध्ये दोन एकके घेणाऱ्या इमोजीपाशी चुकतो.

आपली विश्वासू,
प्रोग्रॅमिंगची एक शिक्षिका, इंदूर