उद्यमनगरातल्या लेझर-कटिंगवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

समोर आभार मानले तर "त्यात काय, मॅडम" म्हणून तुम्ही पुढची शीट लावायला घेणार. म्हणून हे चारचौघांत लिहिते.

आमच्या नववीने केलेला लाकडी गोल आता शाळेच्या जिन्यात टांगलाय. येणारे पालक विचारतात, "कॉम्प्युटरवर केलंय ना?" केलंय की. अमेरिकन गणिती-शिल्पकार जॉर्ज हार्ट एकसारख्या तुकड्यांची अशी शिल्पं करतात आणि ती जोडायला लोकांनाच बोलावतात. तीच कल्पना धरून मुलांनी फ्रीकॅड या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तुकडा काढला आणि फिरवून फिरवून त्याच्या ३० प्रती मांडल्या. ३० समभुज चौकोनांची जी घनाकृती असते, तिच्या प्रत्येक पृष्ठाच्या पातळीत एक तुकडा. पडद्यावर सगळं चपखल बसलं. बसणारच, पडद्यावर लाकडाची जाडी आपण सांगू तेवढीच असते.

"तुमच्या फाइलीत प्लाय चारचा हाय. दुकानातला चारचा कधी चार भरत न्हाई," असं म्हणून तुम्ही व्हर्निअर काढलात आणि स्वतः न मोजता पोरींच्या हातात दिलात. पहिले आभार त्याचे. माप आलं ३.६ मिलिमीटर.

मग खाचा, म्हणजे तुकडे एकमेकांत अडकवायच्या फटी. लेझर कापतो सरळ खाली, आणि आमचे तुकडे एकमेकांना छेदतात ७२ अंशांत. तिरक्या तुकड्याला खाच रुंद लागते: जाडी भागिले अर्ध्या कोनाचा टॅन. ३.६ ला ३६ अंशांच्या टॅनने भागलं की जवळपास ४.९५. हे मुलांनी तुमच्या काउंटरवरच, लग्नपत्रिकेच्या पाठीमागे केलं. (त्रिकोणमिती कुठे उपयोगी पडते, हा दरवर्षीचा प्रश्न यंदा मला कुणी विचारला नाही.) त्यापुढचं गणित तुमचं. किरण स्वतःच साधारण ०.२ मिलिमीटर लाकूड जाळतो, म्हणून खाच तेवढी कमी काढायची. आणि हेही कुणाच्या सांगण्यावर मानू नका, असं म्हणत तुम्ही उरलेल्या पट्टीवर ४.५ पासून ५ पर्यंतच्या खाचांची फणी कापून दिलीत. प्रत्येक खाचेत प्लायचा तुकडा ७२ अंशांत तिरका घालून बघायचा. एकीत लटलट हलायचा, एकीत शिरायचाच नाही. ४.७ च्या खाचेत अंगठ्याने दाबल्यावर टच्च बसला. ती फणी मी आता वर्गात ठेवलीये. बिलात ती कुठे दिसली नाही, तेही लक्षात आलंय.

एक पोरगा हट्टाने सनबोर्ड घेऊन आला होता, हलकं पडेल म्हणून. तुम्ही मशीनजवळसुद्धा येऊ दिला नाहीत. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. जाळला की हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाच्या छातीलाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही. तुम्ही नुसतं "नाय" म्हणून मोकळे झाला असतात तरी चाललं असतं. पण गंजलेला एक जुना स्क्रू दाखवून समजावून सांगितलंत.

फाइलीत एकावर एक पडलेल्या रेघा तुम्ही निवडून काढल्या, नाहीतर मशीनने तीच रेघ दोनदा जाळली असती. आणि तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक ठिपका कोरायची युक्ती! आमचा तुकडा उलटा धरला की आरशातल्यासारखा होतो आणि खाचा जुळत नाहीत. जोडताना वीसेक पोरं एकाच वेळी हात घालत होती, तेव्हा "ठिपका बाहेर" एवढीच आरोळी चालू होती. शेवटचा तुकडा बसवताना शेजारचे दोन जरा वाकवावे लागले. पातळ प्लायच घ्या, असं तुम्ही का म्हणत होतात ते तेव्हा कळलं.

हे सगळं गणपतीच्या तोंडावर. तुमच्या दारात मखरांच्या ऑर्डरींची रांग, आणि तुम्ही रात्री शटर अर्धं ओढून आमचे तुकडे कापत होतात. चहा मात्र दरवेळी तुम्हीच पाजलात, हे काही बरं नाही.

एकदा शाळेत या, वहिनींना आणि मुलांना घेऊन. पोरांना तुम्हाला तो जोडून दाखवायचाय, म्हणजे आधी सोडवावा लागेल, पण त्यांची तयारी आहे. पुढच्या वर्षीची नववी आत्तापासूनच ६० तुकड्यांचं बोलायला लागलीये. मी सांगितलंय, दादांकडे जायचं ते विसर्जन झाल्यावरच.

तुमची,
गणिताच्या मॅडम