पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड

कुडाळच्या बाजारपेठेतल्या टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीवाल्या काकांस,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही असं भाच्याने बजावलंय. वेंगुर्ल्याहून एक पोरगा स्पाइक गार्ड घ्यायला आला आणि जाताना हापूसच्या खोक्याचा पुठ्ठा काखोटीला मारून गेला, एवढ्यावरून ओळखाल. मी त्याचा मामा. मुंबईत कॉम्प्युटर जोडण्या-दुरुस्त करण्यावरच पोट आहे, त्यामुळे तुम्ही त्या दिवशी काय केलंत हे त्याच्यापेक्षा मला जरा जास्त कळतं. म्हणून पत्र मी लिहितोय.

आधी त्या यादीबद्दल. गेम खेळायचा पहिला कॉम्प्युटर, तोही स्वतः जोडायचा, म्हणून पोराने शहरातल्या एका दुकानाकडून कोटेशन मागवलं होतं. रायझन ५ ७५००एफ प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स, म्हणजे जरा लहान आकाराचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमची १६ जीबीची एकच पट्टी, २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, तीन पंख्यांचं आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, ‘६५० वॅट’चा एसएमपीएस (घरची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा) आणि वर सहा रंगीत पंखे. हे सगळं बसवायची पेटी, म्हणजे कॅबिनेट, त्याने सेलमध्ये आधीच उचललेलं.

वरवर पाहिलं तर यादीत खोट निघत नाही. प्रोसेसर एएम५ सॉकेटमध्ये, म्हणजे त्या जातीच्या खाचेत, बसणारा, बोर्डही एएम५, त्या बोर्डांना डीडीआर५ च लागते, तीच लिहिलेली. यादी फसवी होती ती याच कारणाने. पोराने दुकानदाराला विचारलं की हे सगळं एकमेकांना जमेल ना, तर उत्तर आलं, “सगळं सगळ्याला चालतं, ॲडव्हान्स पाठव.” कबूल करायला लाज वाटते, पण सॉकेट जुळतोय, रॅम जुळतेय, चालेल, असं फोनवर मीही म्हणून टाकलं होतं. कॅबिनेट कुठलं आहे, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही.

तुम्ही तो पहिल्यांदा विचारलात. “कागदार बसलां म्हणजे पेटयेत बसलां असां नाय,” हे तुमचं वाक्य त्याने मला जसंच्या तसं ऐकवलं.

कॅबिनेट वेंगुर्ल्याला, तुम्ही कुडाळात. दुसऱ्या कुणीही ‘घरी जाऊन माप घे’ म्हणून वाटेला लावलं असतं. तुम्ही पोराच्या मोबाइलवर कार्डाची मापं काढलीत, लांबी ३०५ मिलिमीटर, रुंदी १२५, जाडी ५०. मागच्या खोलीतून दोन डझनी आंब्याचं रिकामं खोकं आणलंत, कटरने सारख्या मापाचे तुकडे कापलेत, ते एकावर एक चिकटवून ५० मिलिमीटरचा थर केलात. आठ पिनांची वायर जिथे लागते तिथे पेन्सिलीने फुली मारलीत आणि तिच्यावर चार सेंटिमीटरचा आणखी एक तुकडा डकवलात, कारण वायर काटकोनात मोडून चालत नाही, तिला वळायला जागा लागते. मग २४५ मिलिमीटरवर एक रेघ ओढलीत. पूर्ण लांबीचं बसलं नाही तर रेघेवर काप, ते दोन पंख्यांच्या कार्डाचं माप.

इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं पुठ्ठ्याचं कार्ड मला सुचलं नव्हतं.

पोराने घरी जाऊन ते बोर्डाच्या जागेवर धरून पाहिलं. कॅबिनेटच्या डब्यावर ‘कार्डासाठी ३२० मिलिमीटर जागा’ असं ठळक छापलेलं आहे. ही जागा पुढच्या बाजूला काहीच न लावता असते, आणि तेवढंच छापायचं राहून जातं. पुढे आतून साधा पंखा लावला की २५ मिलिमीटर गेले, उरले २९५. लिक्विड कूलरचा रेडिएटर पुढे लावला तर २७ त्याचे आणि २५ पंख्याचे, असे ५२ गेले आणि उरले २६८. त्यात ३०५ चं कार्ड कसं जाणार? पुठ्ठा पुढच्या पंख्याला जाऊन टेकला. रेघेवर कापल्यावर सुळकन आत गेला. शिवाय जाड पुठ्ठ्याखाली बोर्डाच्या कडेच्या पिना जिथे येणार ती जागा झाकली जाते, म्हणजे पॉवर बटणाच्या आणि पुढच्या यूएसबीच्या वायरी कार्ड लावायच्या आधीच जोडून घ्यायला हव्यात, हेही त्याला आपोआप कळलं. मायक्रो-एटीएक्स बोर्डावर पहिल्यांदा जोडणारे हमखास इथे अडतात आणि बसवलेलं कार्ड पुन्हा उपटतात.

दोन पंख्यांचं असो नाहीतर तीन, आतली चिप तीच, मेमरी तीच ८ जीबी. मोठ्या कार्डात आवाज जरा कमी आणि तापमान चार-पाच अंश खाली, याहून मोठा फरक गेम खेळताना हाताला लागत नाही. असलं कार्ड येऊन पडलं असतं, बसलं नसतं, आणि ‘फोडलेला डबा परत घेत नाही’ हे त्या दुकानाने तोंडावर सांगितलं असतं. पहिल्या कॉम्प्युटरच्या वाट्याला नेमका असा एक धक्का येतो आणि पोरं या नादातून उठतात.

तुम्हाला विकायचं होतं काय, तर एक स्पाइक गार्ड. तोही तुम्ही लगेच विकला नाहीत! “जुन्या कॉम्प्युटराच्या पत्र्याक हात लावल्यार झिणझिणी येता काय?” असं विचारलंत. येते, म्हणाला. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून ते पत्र्याला जोडलेले. अर्थिंग धड नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मे, ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी किरकोळ, म्हणून झिणझिणीवर भागतं. लोकांना वाटतं कॉम्प्युटर खराब आहे, आणि मशीन मात्र घराचा आजार सांगत असतं. स्पाइक गार्डातले भाग विजेचा झटका वळवून अर्थच्या वायरीत सोडतात. ती वायर जमिनीपर्यंत पोचतच नसेल तर निम्मं संरक्षण गेलंच.

आपल्याकडच्या जांभ्यात पाणी टिकत नाही. पावसात ठीक असलेली अर्थिंग मे महिन्यात कोरडी ठणठणीत होते, आणि नेमके मे अखेरीचेच कडकडाट सगळ्यात वाईट. म्हणून वायरमन बोलावला. त्याने अर्थिंगचा खड्डा उकरला तर पट्टी गंजून तुटलेली. नवी पट्टी, कोळसा, मीठ, पाणी. आता न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये मीटर २ व्होल्टच्या आत दाखवतो. स्पाइक गार्ड तुमच्याकडूनच घेतला, त्यानंतर.

एसएमपीएसचा फोटो तुम्ही मोठा करून बघितलात हेही ऐकलं. स्टिकरवर मोठ्या अक्षरात ६५० वॅट, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात ३० अँपिअर. १२ गुणिले ३०, म्हणजे ३६० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, बाकीचे आकडे भरती. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४५ च्या आसपास अँपिअर असतात. कार्ड १४५ वॅटचं, प्रोसेसर जोरात असताना ८८, बाकी सगळं मिळून ५० धरा. म्हणजे २८३. हे ३६० च्या आत बसतं, असं दुकानदार छातीठोकपणे सांगेल. पण कार्ड क्षणभर त्याच्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, आणि ज्याच्या स्टिकरवरच खोटं लिहिलंय त्याच्या ३६० वर तरी विश्वास का ठेवायचा? गेम रंगात आला की कॉम्प्युटर खटकन बंद पडतो आणि बिचाऱ्या विंडोजला शिव्या बसतात. तुम्ही खरा ५५० चा, ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) घ्यायला सांगितलात. त्याच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधी लावू नकोस, हेही. प्लग दिसायला सारखे असले तरी एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो आणि हार्ड डिस्कची राख होते.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती मात्र प्रोसेसरमागची तुमची ‘एफ’ची गोष्ट. ७५००एफ मधल्या एफचा अर्थ आत स्वतःचं ग्राफिक्स नाही. ७६०० मध्ये ते आहे, अगदी जुजबी, पण पडदा पेटवण्यापुरतं आहे. पुण्या-मुंबईत फरक पडत नाही. वेंगुर्ल्याहून कार्ड वॉरंटीला पाठवायचं म्हणजे कुरियर, मग सर्व्हिस सेंटर, मग पुन्हा कुरियर, आणि तेवढे दिवस एफवाल्याचा पडदा काळा. पोराचा अभ्यासही त्याच मशीनवर. वरचे पैसे कुठून आणायचे तेही तुम्हीच दाखवलंत. कागदावर ६५ आणि जोरात असताना ८८ वॅटच्या प्रोसेसरला लिक्विड कूलर म्हणजे पापड भाजायला भट्टी. तो गेला, रंगीत पंखे गेले, ७६०० च्या डब्यात कूलर येतोच. उरलेल्यात रॅमची एकच १६ ची पट्टी जाऊन १६-१६ च्या दोन आल्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला रॅमकडे जाणारा रस्ता दुप्पट रुंद मिळतो. बोर्डावरच्या चारपैकी प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसल्या आहेत. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सपो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय) चालू केलं, नाहीतर ६००० वेगाची रॅम ४८०० वरच रेंगाळली असती.

एका बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. घरचा इन्व्हर्टर पुरेल असं तुम्ही म्हणालात. तो यूपीएस मोडवर, म्हणजे वीज गेली की झटकन बदलणाऱ्या मोडवर, ठेवला तर पुरेल. साध्या मोडवर वीज गेल्यापासून इन्व्हर्टर येईपर्यंतची फट एसएमपीएसला सोसत नाही, तो साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. आमच्याकडचा जुना आहे, म्हणून मी १००० व्हीएचा वेगळा यूपीएस बसवायला सांगितलं. रागावू नका.

जोडल्यावरचा पहिला काळा पडदा तर तुम्ही आधीच सांगून ठेवला होतात. “काळो पडदो दिसलो तरी धा मिनटां हात लाव नको.” एएम५ चे बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमची उजळणी करत बसतात, पंखे फिरतात पण चित्र येत नाही. न सांगितलेली पोरं दोन मिनिटांत बटण दाबतात, रॅम काढतात, पुन्हा घालतात, आणि दर वेळी ती उजळणी पहिल्यापासून. हा हातावर हात ठेवून बसला. सातव्या मिनिटाला चित्र आलं.

दुकानात सामान खूप जण विकतात. न मागितलेली एक गोष्ट सांगायला जीभ उचलावी लागते, आणि तिचं बिल होत नाही. ज्यांनी ॲडव्हान्स मागितला त्यांच्याकडे झगमगता शोरूम आहे, आणि तुमच्याकडे, भाच्याच्या सांगण्यानुसार, बसायला एकच स्टूल, त्यावरही कुणाचा तरी स्टॅबिलायझर ठेवलेला.

मशीन आता समुद्राकडची खिडकी सोडून आतल्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंच ठेवलंय. खारं वारं पहिल्यांदा कार्डाच्या पत्र्याला आणि स्क्रूंना धरतं. पावसाळ्यात वापर नसला तरी रोज तासभर चालू ठेव म्हणून सांगितलंय, आत ऊब राहिली की ओल बसत नाही.

पुठ्ठा मात्र तुम्हाला परत मिळणार नाही. कापलेला तुकडाही पोराने जपून ठेवलाय, टेपने परत जोडता येतो. शेजारच्या वाडीतल्या दोघांनी तो नेऊन आपापल्या कॅबिनेटमध्ये घालून पाहिला. तुमच्या २४५ च्या रेघेशेजारी आता पेनाने आणखी दोन रेघा आहेत, २०० आणि २८१. गणपतीला गावी येतोय तेव्हा दुकानात डोकावतो. स्टुलावरचा स्टॅबिलायझर तेवढा उचलून ठेवा.

तुमचा,
वेंगुर्ल्याच्या पोराचा मामा