तो मास्टर सिलिंडर इतक्यात बदलू नकोस

इंदिरानगर, नाशिक
रविवार सकाळ

प्रिय संजू,

तुझं पत्र काल मिळालं. काकूंना सप्तशृंगीच्या दर्शनाला न्यायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढचं वाचून रात्री झोप लागली नाही. पुढचे पॅड नवे, मागचे लायनर नवे, तरी ब्रेक धरत नाही, म्हणून आता मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की चाकांकडे ऑईल ढकलणारा भाग) बदलायचा आणि लगेच निघायचं, असं लिहिलंयस. संजू, थांब. मी याच वाटेने गेलोय.

आबांची ती पांढरी 2001 ची गाडी आठवते ना? दिवाळीआधी द्वारकेच्या चौकात पुढची एसटी थांबली. मी ब्रेक दाबला आणि पॅडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं. सोडून पुन्हा दाबलं तेव्हा कुठे धरलं. एसटीचा मागचा बंपर आणि आमचं बॉनेट यांच्यात वीतभर जागा उरली होती. सुमन शेजारी बसली होती. घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

मग सुरू झाली बदलाबदली. पॅड, लायनर, दोन्ही पुढचे कॅलिपर (चाकातले पॅड दाबणारे भाग), शेवटी मास्टर सिलिंडर. प्रत्येक वेळी ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली, म्हणजे चाकाशी असलेल्या निप्पलला (हवा सोडायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून बाटलीत ऑईल सोडलं. एकही बुडबुडा दिसेना, तरी पॅडल मऊच. असं चार वेळा झालं.

पाचव्या वेळी आमच्याच पार्किंगमध्ये मी आणि मुक्ता बसलो. ती सीटवर, मी चाकाशी. मी "दाब" म्हटलं की तिने दाबायचं, "धर" म्हटलं की पाय तसाच रोवून ठेवायचा, मी निप्पल उघडून बंद करणार आणि "सोड" म्हटल्यावरच तिने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत ओढली जाते. पोरीने एकदाही चूक केली नाही. तरी पॅडल मऊ! मी तिथेच फरशीवर बसून मोबाइल काढला. जुने कॅलिपर खोलण्याआधी काढलेला एक फोटो त्यात होता. फोटोत निप्पल कॅलिपरच्या वरच्या टोकाला. समोर चाकात बघतो तर निप्पल खाली! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. हवा नेहमी वर जाऊन बसते आणि आम्ही तळातून ऑईल काढत होतो. स्वच्छ ऑईल येणारच की! वरचा बुडबुडा मात्र तिथेच बसून पॅडलखाली दबत होता. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, एवढीच गोष्ट.

कॅलिपरची अदलाबदल केली, पाइपच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घातले, पुन्हा हवा काढली. पॅडल वर आलं, तरी पहिल्या दाबाला थोडं खोल जाई. ती मागच्या ड्रमची ढिलाई होती. नवे लायनर ॲडजस्टच केले नव्हते. हॅण्डब्रेक नऊ टिकटिकांनी लागायचा. चाक फिरवताना लायनर जरासा घासल्याचा आवाज येईपर्यंत ॲडजस्ट केलं, तर तो पाचावर आला. खरं तर हे हवा काढण्याच्या आधीच करायला हवं होतं.

आता तुझ्या गाडीचं. तू लिहिलंयस, "पॅडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत नाही." हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुझं दुखणं माझ्यापेक्षा वेगळं आहे. मास्टर सिलिंडर आतून गेला असेल तर पाय दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू खाली बुडत जातं. तुझं तसं होत नाहीये. माझा संशय बूस्टरवर, म्हणजे इंजिनच्या ओढीने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर आहे.

इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाब, पॅडल कडक होईल. शेवटच्या वेळी पाय दाबून ठेव आणि गाडी चालू कर. बूस्टर ठीक असेल तर पॅडल पायाखाली जरासं खाली सरकेल. सरकलं नाही, तर इंजिनकडून बूस्टरला जाणारा जाड रबरी पाइप बघ. टोकाशी बोट फिरव, चीर हाताला लागते. त्यातला एकेरी व्हॉल्व्ह काढून फुंकून पाहा. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा इंजिनकडे जायला हवी, उलट जाता कामा नये. हे सगळं ठीक निघालं, तर मग बघ की पॅडला ग्रीस किंवा ऑईल लागलंय का आणि कॅलिपरचा पिस्टन मोकळा सरकतो का. पॅड नवे असतील तर रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत वेग उतरवत दहाबारा वेळा ब्रेक लाव, पण पूर्ण थांबू नकोस आणि मध्ये गार होऊ दे. मी ते अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी सकाळी केलं.

आणि ब्रेक ऑईल किती जुनं आहे? दोन वर्षं झाली असतील तर ते बदलायलाच हवं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 प्रतीचं ऑईल नवं असताना किमान 205 अंशांना उकळतं, पाणी मुरलं की तो आकडा 140 पर्यंत येऊ शकतो. नांदुरीहून गडावर चढताना काही कळत नाही. खरी परीक्षा उतरताना असते. सारखा पाय ब्रेकवर राहिला की ऑईल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. शेजारी काकू बसलेल्या असताना पॅडल खाली गेलेलं मला नकोय. द्वारकेला मी ते बघितलंय.

म्हणून माझं ऐक. गाडी कल्याणलाच ठेव आणि दोघं पंचवटी एक्स्प्रेसने या. नाशिकरोडला मी घ्यायला येईन. पहाटे आबांच्या गाडीने गडावर जाऊ, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये. वर ट्रॉली आहे, त्यामुळे काकूंना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. सुमनने त्यांच्यासाठी मऊ भात आणि मेतकूट करायचं आत्ताच ठरवून टाकलंय.

बूस्टरची तपासणी मात्र आजच कर आणि पॅडल सरकलं की नाही ते संध्याकाळी फोन करून सांग. काकूंना नमस्कार.

तुझा,
दिलीप