गोळ्यांना कार्ड चालत नाही

महोदय,

वस्तीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी अकरा वर्षं परिचारिका आहे. गेल्या आठवड्यात धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या. रक्तदाब 190/110. प्लॅस्टिकमध्ये जपून गुंडाळलेलं आयुष्मान कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं. "ताई, यावर गोळ्या द्या की." मला नाही म्हणावं लागलं.

कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार देणारी ही योजना 2018 पासून आहे. तिच्यामुळे कर्जातून वाचलेली घरं मी पाहिली आहेत. पण ती रुग्ण दाखल झाल्यावरच उपयोगी पडते. रोजच्या गोळ्यांचा खर्च पदरचाच. मावशी गोळी ब्लेडने अर्धी करून, तीही एक दिवसाआड घेत होत्या. उद्या पक्षाघात झाला तर उपचाराला हेच कार्ड चालेल. सरकारी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात, हे खरं. पण रांगेत सकाळ गेली की तीन घरचा खाडा पडतो आणि पगार कापला जातो.

रक्तदाब आणि मधुमेहाची औषधं तरी या कार्डावर, आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यांतून मिळू द्या, एवढीच शासनाला कळकळीची विनंती.

– एक परिचारिका