पिंगुळीच्या बाहुल्या आणि दोन फासे

एडिंबरा, रविवार

प्रिय ताई,
सा. न.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचा रोल-प्लेइंग गेम (प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि पुढचं फाशांवर ठरवायचं) पोरांसाठी कसा करायचा, असं तू विचारलंस. फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून लिहितो.

रामायण जसंच्या तसं घेऊ नकोस. शेवट पोरांना पाठ असतो. रावण मरणारच, तर फासे टाकायचे कशाला? शिवाय खेळणाऱ्या पाचही जणांना मारुतीच व्हायचं असतं. तोड पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या चित्रकथीतच आहे. पोथीतली चित्रं एकामागून एक दाखवत ते गोष्ट सांगतात, आणि दोन चित्रांच्या मधलं सगळं सांगणाऱ्याच्या तोंडी असतं. आपला खेळ त्या फटीत घालायचा. एका चित्रात समुद्रकाठी वानरसेना, दुसऱ्यात बांधून झालेला सेतू; दोन्ही समोर उघडी ठेव. सेतू होणार हे ठरलेलंच. पण कोणाची शेपटी दगडाखाली अडकली, रात्रीतून दगड कोण पळवतं, हे पोरं ठरवतील. त्यांनी बिननावाचे वानर व्हायचं. मारुती डोक्यावरून उडत जाईल तेवढाच. दोन तासांत अशा तीन फटी होतात, म्हणजे चित्रं चार. पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवतात, तसं मात्र करू नकोस. आपल्याला दोन्ही एकदम दिसायला हवीत.

आता दोरे. खेळाची खरी गंमत त्यातच आहे. प्रत्येकाच्या पुठ्ठ्याच्या बाहुलीला चार भोकं पाड आणि वीतभर लोकरीचे चार रंगांचे दोरे ओव. बोलणं, ओळखणं डोक्याच्या दोऱ्यावर. उचलणं, मारणं उजव्या हाताच्या. लपवाछपवी डाव्या हाताच्या. उडी आणि पळणं पाठीच्या. एका दोऱ्याला 2, दोन दोऱ्यांना 1, उरलेल्याला 0, कुठला कोणाला ते ज्याचं त्याने ठरवावं. दोन फासे टाकायचे आणि त्यात दोऱ्याचा आकडा मिळवायचा. 10 किंवा वर आलं तर जमलं. 7 ते 9 आलं तर जमलं, पण दोऱ्याला गाठ. 6 किंवा खाली आलं तर फसलं, गाठही पडली. नुसत्या फाशांवर 36 पैकी 15 वेळा फसतं, 1 मिळवला की 10 वेळा, 2 मिळवले की 6. म्हणून 0 एकाच दोऱ्याला; दोन दोऱ्यांना दिलास तर पोरं रुसून बसतील.

एक गाठ असली की त्या दोऱ्याचा आकडा एकाने कमी. दुसरी पडली की दोरा तुटला. गाठ सोडवायची तर शेजाऱ्याने आपली पाळी सोडायची, आणि त्यानेच हाताने सोडवायची. एरवी पोरं आपापलंच बघतात, इथे एकमेकांच्या दोऱ्यांवर नजर ठेवावी लागते. नवीन चित्र सुरू झालं की प्रत्येकाची एक गाठ फुकट सुटते. ही सूट नसेल तर तिसऱ्या फटीपर्यंत निम्म्या बाहुल्या लुळ्या पडतात. गाठ सरकगाठच हवी. नायलॉनची आपोआप सुटते, शिवणाच्या दोऱ्याची नखानेही सुटत नाही. लोकर बरी.

डोक्याचा दोरा तुटला की बाहुली कोसळली. ते पोर खेळाबाहेर काढू नकोस, त्याच्या हातात एक डबा दे. तो त्याचा हुडूक, म्हणजे चित्रकथीत वाजवतात ते छोटं चर्मवाद्य. दर फटीत एकदा त्याने ठेका धरला की कोणाचाही एक फासा पुन्हा टाकता येतो. काही जण मग मुद्दाम कोसळायला बघतात. दोन हुडूक झाले की तिसऱ्याला नाही म्हण.

सूत्रधार तू. (इंग्रजीत याला लांबलचक नावं आहेत, आपल्याकडे शब्द आयताच होता, दोऱ्यासकट.) सूत्रधार वाहवत गेला की खेळ रेंगाळतो: एका वेळी तीन वाक्यं, आणि शेवटचं ‘तू काय करतोस?’ आधी गणपतीचं गाणं म्हणा, पण गणपतीला फासे देऊ नकोस.

चित्रं पोरांनाच काढू दे. कुणाच्या पोथीचे फोटो छापून वापरू नकोस, ती त्या घरांची रोजीरोटी आहे. जमलं तर आधी कुडाळला उतरून पिंगुळीला जाऊन या. तिथले बाहुल्यांचे कलाकार परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, त्यांनी तिथे संग्रहालय उभं केलंय. दोरी ओढली की बाहुलीचा कुठला भाग आधी हलतो, ते पोरांना जवळून बघू दे.

धाकटीला बेरीज जमत नसेल तर तिच्या दोऱ्यांवर आकड्यांऐवजी मणी ओव, मोजेल ती.

तुझा,
मिलिंद